प्राणिदयेच्या बालकथा लिहिताय? मग या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की दिवाळी अंकांच्या बालविभागाकडे गोष्टी यायला लागतात. मी बरीच वर्षं त्या वाचतो, निवडतो, दुरुस्त करून छापायला देतो. त्यातल्या एका जातीच्या गोष्टीचा मला आता धसका बसलाय. शाळेतून येताना बंटीला (किंवा चिनूला, किंवा सोनूला) रस्त्यात जखमी पाखरू सापडतं. तो ते घरी नेतो, हळद लावतो, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजतो, बुटाच्या खोक्यात निजवतो. आई आधी रागावते, मग विरघळते. चार दिवसांत पाखरू ठणठणीत होऊन खिडकीतून उडून जातं, दुसऱ्या दिवशी परत येऊन बंटीच्या खांद्यावर बसतं आणि आजी म्हणते, "भूतदया हाच खरा धर्म हो बाळा." संपली गोष्ट.

लिहिणाऱ्याच्या हेतूला मी नावं ठेवत नाही. पण या गोष्टीत पाखरू कुठे आहे? कोणतं आहे? काय खातं? त्याचे आईबाप कुठे होते? काही पत्ता नाही. बंटी किती गुणी आहे हे सांगायला एक जखमी जीव हवा होता, तो आणला आणि काम झाल्यावर उडवून लावला. पुढे ज्या चुका सांगतोय त्या बहुतेक सगळ्या इथूनच निघतात. प्राण्याबद्दल कळवळा असतो, माहिती नसते. आणि माहिती काढायचा कंटाळा आला की लोक म्हणतात, "अहो, लहान मुलांसाठीच तर आहे."

लहान मुलांसाठी आहे म्हणूनच. मोठी माणसं गोष्ट वाचून विसरतात, मुलं तसं करून बघतात.

दूध

ही माझ्या यादीतली पहिली चूक आणि हिच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

एका तालुक्याच्या गावी शाळेत कथाकथन होतं. पाहुणे म्हणून आम्ही तिघं होतो. त्यातल्या एका लोकप्रिय कथाकारांनी आपली हुकमी गोष्ट काढली. घरट्यातून पडलेलं बुलबुलाचं पिल्लू, कापसाचा बोळा, कोमट दूध, दुधात कुस्करलेली पोळी. सांगायची हातोटी मात्र अशी की शेवटच्या रांगेतली व्रात्य पोरंसुद्धा चिडीचूप. गोष्ट संपली, टाळ्या झाल्या, मुख्याध्यापक म्हणाले, कुणाला काही विचारायचंय का? चौथी-पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, ही गोष्ट मी वाचली होती. आमच्या अंगणात पिल्लू पडलं तेव्हा मी तस्संच केलं. दूध कोमट करून घेतलं होतं. आमचं पिल्लू रात्रीच मेलं. माझं काय चुकलं?"

कथाकार क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बाळा, त्याचं आयुष्यच तेवढं होतं." चहा आला. कार्यक्रम संपला.

चहाच्या गडबडीत मी त्या मुलीला गाठलं आणि सांगितलं की तुझं काही चुकलं नाही, गोष्टीचं चुकलं. पक्ष्यांना दूध पचत नाही. ती थोडा वेळ विचार करत उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मग गोष्टीतलं कसं जगलं?"

परतीच्या गाडीत मी हा विषय कथाकारांकडे काढला. ते हसले. "बालकथा आहे हो, पशुवैद्यकाचा पेपर नाही." पुढच्या वर्षी त्यांच्या संग्रहाची नवी आवृत्ती निघाली. दूध होतं तसंच कोमट.

तर आता पेपरच समजा आणि एकदा नीट वाचा. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं अन्न. दुधातली साखर पचवायची सोय पक्ष्याच्या पोटात नसते. बुलबुल, साळुंकी, चिमणी आपल्या पिल्लांना अळ्या आणि किडे भरवतात. एरवी दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांसाठी अळ्याच शोधत फिरते. कबुतरं आणि होले गळ्याच्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा पदार्थ पिल्लांना देतात, पण त्याचा गाईच्या दुधाशी काही संबंध नाही, तेव्हा तो दाखला मला देऊ नका. दुसरं, पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं. चोच उघडून बोळा पिळला की थेंब सरळ श्वासनळीत जायची भीती. दूधच नाही, पाण्यानंही तेच होतं. घरट्यातल्या पिल्लाला पाणी वेगळं लागत नाही, ते त्याला अळीतूनच मिळतं.

तिसरं, जमिनीवर सापडलेलं प्रत्येक पिल्लू "पडलेलं" नसतं. अंगावर पिसं आली असतील, टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय. आईबाप जवळच्याच फांदीवर कलकलाट करत असतात आणि तुमचा बंटी टळायची वाट बघत असतात. त्याला उचलून घरी आणणं म्हणजे चक्क पळवून नेणं. अंगावर पिसं नसलेलं, उघडंनागडं पिल्लू असेल आणि घरटं हाताला लागत असेल, तर परत घरट्यात ठेवायचं. "माणसाचा वास लागला की पक्षीण पिल्लाला टाकते" हे आपल्या सगळ्यांना आजीनं सांगितलेलं असतं. ते खरं नाही. आजीचा हेतू बहुधा पोरांनी घरट्यात हात घालू नये एवढाच होता.

आणि खरोखरच जखमी असेल तर? पुठ्ठ्याचं खोकं, त्याला भोकं, आत जुनं सुती फडकं, वर झाकण, अंधार आणि शांतता. खायला-प्यायला काही नाही. मग वनविभागाला फोन, महाराष्ट्रात १९२६ क्रमांकावर, नाहीतर गावातल्या पक्षिमित्राला. दर तासाला झाकण उघडून "बरं वाटतंय का?" विचारायचं नाही.

नवे लेखक इथे हमखास कुरकुरतात. "पण यात गोष्ट कुठे आहे?" यातच आहे. मुलीनं पिल्लू फांदीवर ठेवलं आणि ती न्हाणीघराच्या भिंतीआड जाऊन बसली. आता आई येते की मांजर येतं? खिशातला शेंगदाण्याचा लाडू खायचं भान नाही, पायाला मुंग्या आल्यात, आत आई हाका मारतेय आणि ओ देता येत नाही. शेवटी चोचीत हिरवी अळी घेऊन पक्षीण येते, पण सरळ पिल्लाकडे येत नाही, आधी तारेवर बसते, मग कुंपणावर. हे लिहून बघा. दूध पाजण्याचा प्रसंग एका परिच्छेदात उरकतो, वाट बघण्याचा प्रसंग दोन पानं पुरतो.

भराभर उरकण्यासारख्या काही

साप दूध पीत नाही. टोपलीतला नाग पितो तेव्हा तो तहानेनं कासावीस झालेला असतो. नागपंचमीची गोष्ट पाठवण्याआधी हे वाक्य मोठ्यांदा म्हणा.

कासव दिसलं की ते पाण्यात सोडायचं, असं गृहीत धरू नका. पाठीवर चांदण्या असलेलं कासव जमिनीवर राहतं. ते नदीत सोडणारा नायक त्याला बुडवतोय.

वेळासच्या किनाऱ्यावरची समुद्री कासवाची पिल्लं हा सुंदर विषय आहे, पण ओंजळीत धरून ती लाटेत सोडू नका. त्यांना वाळूवर सोडतात आणि समुद्रापर्यंत ती आपली आपण चालत जातात. गावकरी दोरीपलीकडे उभे राहून बघतात. तुमच्या पात्रांनाही तिथेच उभं करा.

हरणाचं पाडस गवतात एकटं, निपचित पडलेलं दिसलं म्हणजे ते अनाथ नाही. आई चरायला गेलीय आणि त्याला तसंच पडून राहायचं असतं.

पिंजऱ्यातला पोपट. आपल्याकडचे पोपट घरात पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे, हे आजोबांच्या लाडक्या मिठूबद्दल लिहिताना लक्षात असू द्या. आणि वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेला पोपट शेवटच्या ओळीत आकाशात सोडलात तर त्याच्या पुढच्या दिवसाचा विचार करा. त्याला ना अन्न शोधता येतं ना शिकऱ्यापासून लपता येतं.

माकड, मुंगूस, कोल्हा, वटवाघूळ यांना उघड्या हातानं उचलणारा नायक नको. चावा बसला तर रेबीजचा प्रश्न येतो. गोष्टीत चावा दाखवलाच तर दवाखानाही दाखवा.

सह्याद्रीत सिंह नाही. अजूनही येतो. दरवर्षी येतो.

उसातलं पिल्लू

गेल्या काही वर्षांत पाखराला स्पर्धक निर्माण झालाय, बिबट्याचं पिल्लू. बातम्या वाचून लोकांना सुचतं आणि सुचायला हरकत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या भागात बिबट्याच्या माद्या उसातच वितात. ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. इतका जिवंत, इतका आपला विषय. आणि लोक त्याचं काय करतात? सुट्टीत मामाच्या गावाला गेलेला बंटी (हो, तोच) उसात जातो, पिल्लू उचलतो, त्याचं नाव छोटू ठेवतो, बाटलीनं दूध पाजतो, गादीवर झोपवतो. छोटू वासरासारखा मागं मागं फिरतो. मोठा झाल्यावर सगळे रडत रडत त्याला जंगलात सोडून येतात.

अशीच एक गोष्ट एका होतकरू लेखकानं पाठवली होती. मी वेळ काढून त्याला दीड पानी पत्र लिहिलं. घरात वाढलेला बिबट्या जंगलात सोडता येत नाही. त्याला शिकार येत नाही, माणसाची भीती उरलेली नसते, त्याचा उरलेला जन्म बहुधा पिंजऱ्यात जातो. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, तिथे जन्मभरासाठी येऊन पडलेले बिबटे आहेत. म्हणजे तुझ्या नायकानं पिल्लाला वाचवलेलं नाही, जन्मठेप दिलीय. प्रत्यक्षात वनविभागाची माणसं पिल्लांची तपासणी करून अंधार पडायच्या आत ती जिथे सापडली त्याच जागी क्रेटमध्ये परत ठेवतात, कॅमेरे लावतात आणि बाजूला होतात. रात्री मादी येते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. पहिल्या रात्री नाही आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा तोच खटाटोप. हे सगळं लिहून शेवटी म्हटलं, या अंगानं पुन्हा विचार कर, घाई नाही, पुढच्या महिन्यात पाठव.

दुपारपर्यंत सुधारित गोष्ट हजर. बिबट्याच्या जागी वाघ केला होता. बाकी काना-मात्रा जशीच्या तशी.

या माणसाला मी विसरू शकत नाही, कारण असे बरेच आहेत. दुरुस्ती म्हणजे शब्द बदलणं, अशी त्यांची समजूत असते. गोष्ट पाठवली की तिसऱ्या दिवशी "काय झालं?" म्हणून निरोप येतो. एखाद्या प्राण्याबद्दल महिनाभर विचार करायचा, कुणाला तरी विचारायचं, जमल्यास त्या भागात जाऊन यायचं, हे त्यांना लेखनाचं काम वाटतच नाही. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ बघितला की अभ्यास झाला. त्या व्हिडिओत कुणीतरी कोल्ह्याच्या पिल्लाला बिस्किट भरवत असतो आणि खाली हजार लोकांनी बदाम टाकलेले असतात.

त्या उसातल्या गोष्टीबद्दल आणखी एक. तिथे पिल्लू बंटीला सापडतच नाही. ते सापडतं कोयता चालवणाऱ्या बाईला. ती बहुधा बीडकडून आलेली, सहा महिन्यांसाठी पाचटाच्या कोपीत राहणारी. तिची पोरं फडाच्या कडेलाच खेळत असतात. गोष्टीतलं खरं मूल हे आहे. त्याच्या आईला पिल्लं दिसल्यावर सगळ्यात आधी काय वाटेल? पिल्लं इथे म्हणजे मादी जवळ आहे आणि माझं पोर तिथे बांधावर बसलंय. ती भीती खोटी नाही, त्या पट्ट्यात बिबट्यानं माणसं नेली आहेत. तोड थांबली तर त्या दिवसाची मजुरी बुडणार. शेतमालकाला ट्रॅक्टर भरायचाय, कुणीतरी म्हणणार, टाका मारून. या सगळ्यांच्या मध्ये मूठभर वजनाची दोन पिल्लं फिस्कारत पडलीत. दयेची गोष्ट इथे सुरू होते. मामाच्या बंगल्यात नाही.

"पण मग नायक शेवटी काय करतो?" हा प्रश्न येतोच. निघून जातो. सगळे निघून जातात. फडात माणूस राहिला तर मादी येणार नाही. नायकानं काही न करता लांब थांबायचं, हे लेखकांना फार जड जातं. मुलांना जात नाही, लपंडाव खेळलेली असतात ती.

"दुष्ट पारधी"

इथे मी जरा चिडून लिहिणार आहे.

प्राणिदयेच्या गोष्टीला खलनायक हवा म्हणून लोक सरसकट "एक दुष्ट पारधी होता" असं लिहितात. मोठमोठ्या मिशा, लाल डोळे, हातात जाळं. अहो, पारधी हा महाराष्ट्रातला एक समाज आहे. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, त्याचा शिक्का पारध्यांवरही बसला. कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का गेला नाही. या समाजाची मुलं आज आश्रमशाळेत, झेडपीच्या शाळेत बसतात आणि वाचनाच्या तासाला तुमची गोष्ट मोठ्यांदा वाचली जाते. शेजारचा मुलगा मागे वळून कुणाकडे बघेल? चिमणीवर दया करा म्हणून शिकवताना वर्गातल्या एका पोराला तुम्ही कोपऱ्यात उभं केलंत.

फासेपारध्यांना तितर, लाव्ह्यांच्या सवयी जेवढ्या माहीत तेवढ्या आपल्यापैकी कुणाला माहीत नाहीत. अकोला-वाशीमच्या माळरानांवर तणमोरासारखा दुर्मीळ पक्षी जपण्याच्या कामात याच समाजातली माणसं उतरली आहेत. एका मुलीचे वडील पूर्वी फासे लावायचे आणि आता त्याच डोळ्यांनी घरटी शोधून राखतात, अशी गोष्ट मला अजून कुणी पाठवलेली नाही.

खलनायकाशिवाय गोष्ट उभी राहत नाही, असं कुणी म्हटलं की मी गडचिरोलीतल्या हेमलकशाचं उदाहरण देतो. डॉ. प्रकाश आमटे यांच्या तिथल्या प्राणी-अनाथालयाची सुरुवात एका माकडाच्या पिल्लानं झाली. माडिया आदिवासी शिकार घेऊन चालले होते, मेलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं. आमट्यांनी ते मागून घेतलं. शिकार करणारे दुष्ट नव्हते, भुकेले होते. दया दाखवायची तर ती पिल्लावर आणि त्या माणसांवर, दोघांवर दाखवायला लागते. तिथे दवाखाना आणि शाळाही उभी राहिली, नुसते पिंजरे नाहीत. आठ वर्षांच्या मुलाला हे समजतं. पन्नाशीच्या लेखकाला समजावताना मात्र माझा घसा बसतो.

शिकारी प्राणीही खलनायक नसतो

सापानं बेडूक धरला, बंटीनं काठीनं सापाला हाकललं, बेडकाचा जीव वाचला. सापाच्या जेवणाचं काय?

हा प्रश्न मी काढलेला नाही, महाभारतातल्या ससाण्यानं काढला. शिबी राजाच्या मांडीवर कबुतर येऊन लपतं, मागोमाग ससाणा येतो आणि म्हणतो, ते माझं अन्न आहे, त्याला वाचवशील तर मी मरेन. राजाला उत्तर सुचत नाही. सुचतं ते आपलं मांस कापून द्यायचं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हीच शिबीची कथा रंगवलेली आहे. इतक्या जुन्या काळी गोष्ट सांगणाऱ्यानं ससाण्याला बोलायला लावलं, त्याची बाजू मांडू दिली. आपण मात्र त्याला "क्रूर" म्हणून मोकळे होतो. माझी सवय सांगतो. गोष्टीत शिकारी प्राणी असला की त्याला निदान एक वाक्य बोलू द्यायचं किंवा त्याची पिल्लं एकदा तरी दाखवायची. तेवढ्यानं गोष्टीचा तोल बदलतो.

फुकटची दया

बंटीचं काहीच जात नाही. दूध फ्रिजमधलं, खोकं बाबांच्या बुटांचं, वेळ सुट्टीचा. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड एकनाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही गोष्ट आपल्याला पिढ्यानपिढ्या आठवते कारण त्या कावडीमागे किती पायपीट होती ते आपल्याला माहीत असतं. मुलाच्या मापाची कावड शोधा. क्रिकेटचा अंतिम सामना बुडणं. मकरसंक्रांतीला नायलॉन मांजात घार अडकली म्हणून गल्लीतल्या दोस्तांशी वैर घेऊन सगळ्यांच्या चकऱ्या गोळा करणं. आणि मुलाच्या दृष्टीनं सगळ्यात महाग काय असतं सांगू? प्राणी आपल्याकडे न ठेवणं. तो हातात होता, मऊ होता, नावही सुचलं होतं, आणि तरी परत ठेवला. याहून मोठी किंमत आठ वर्षांच्या माणसाला देता येत नाही, पण लेखक नेमकी ती माफ करून टाकतात.

आभार मानणारे प्राणी

पाखरू परत येऊन खांद्यावर बसतं, हत्ती पुरात बंटीला वाचवतो, नागीण दारात मणी ठेवून जाते. उपकाराची फेड झालीच पाहिजे, हा आग्रह लेखक का धरतात कळत नाही. व्यवहार पूर्ण झाला की दया कुठे उरली?

लीळाचरित्रातली सशाची लीळा काढून वाचा. तेराव्या शतकातलं आपलं मराठी गद्य. कुत्री मागे लागलेला ससा धावत येतो आणि चक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली लपतो. पारधी येऊन ससा मागतात. शरण आलेला जीव स्वामी देत नाहीत, पण त्यांच्यावर खेकसतही नाहीत, त्यांच्याशी बोलतात. मग गुडघा उचलतात. ससा निघून जातो. तो नमस्कार करत नाही, पुन्हा येत नाही, स्वामींच्या चरणी राहत नाही. सशानं जे करायचं तेच तो करतो. या प्रकारच्या लेखनातली ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे आणि तिची लांबी दिवाळी अंकाच्या पाऊण पानाएवढी असेल.

काय करायचं? शेवटी प्राणी गेल्यावर त्याला वळून बघायला लावू नका. फारच मोह झाला तर मुलाला बघू द्या.

प्राणी बोलावेत की नाही

बोलू देत की. चिऊताई आणि काऊदादा बोलतात म्हणूनच आपण सगळे गोष्टी ऐकायला लागलो. (त्या गोष्टीत पावसात भिजणाऱ्या काऊला चिऊताई "थांब, माझ्या बाळाला तीट लावते" म्हणत बाहेरच ताटकळत ठेवते. दयेचा धडा म्हणून बघाल तर भयंकर गोष्ट आहे, पण एकाही मुलाला ती विसरता आलेली नाही.) मी नियम एकच ठेवतो. प्राणी एकमेकांशी बोलत असतील तर माणसाशी बोलू नयेत आणि माणसाशी बोलत असतील तर मग सगळ्या गोष्टीभर बोलावेत. पान चारवर अचानक "धन्यवाद बंटीदादा!" म्हणून तोंड उघडणारा कोल्हा मी तिथेच खोडतो.

तात्पर्य

"तर मुलांनो, या गोष्टीतून आपल्याला काय शिकायला मिळालं?" काही नाही. ती ओळ खोडा.

मी तर शेवटचा परिच्छेद अंगठ्याखाली झाकूनच हस्तलिखित वाचतो. दहातल्या आठ गोष्टी त्याच्या आधीच्या ओळीवर छान संपतात. राहिलेल्या दोन त्याच्याही आधी.

गोष्ट अडली तर

लोक फोन करतात, "सुरुवात झालीय, पुढे सरकत नाही." बहुतेक वेळा कारण सोपं असतं, प्राणी ठरलेला नसतो. "एक पक्षी" किंवा "एक छोटंसं पिल्लू" असं असतं. मी कागदाच्या मागे काही प्रश्न लिहायला सांगतो. नेमका कोणता प्राणी? काय खातो? कधी जागा असतो? आत्ता त्याची आई कुठे आहे? माणूस जवळ आला की काय करतो, पळतो, फुगतो, की मेल्यासारखा पडून राहतो? आणि उद्या सकाळी तो कुठे असेल? सहाही उत्तरं स्वतः न बघता, कुणाला न विचारता लिहिता आली तर थोडं संशयानंच बघा त्यांच्याकडे.

मग गोष्ट आपोआप वळण घेते. "एक पक्षी" च्या जागी पिंगळा आला की दिवसाची रात्र होते. शेकरू आलं की गोष्ट झाडाच्या शेंड्यावर जाते, भीमाशंकरला जाते आणि मुलाला मान वर करूनच सगळं बघावं लागतं. खवल्या मांजर आलं की ते चेंडूसारखं गुंडाळी करून बसतं आणि मदत करणाऱ्याची पंचाईत होते, कारण समोरचा तोंडच दाखवत नाही. प्रसंग शोधत बसावं लागत नाही.

माहिती मिळाली म्हणून ती सगळी आजोबांच्या तोंडी घालू नका, ही त्यानंतरची चूक. "बाळ, शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून..." असं कुठलेही आजोबा बोलत नाहीत. आजोबा म्हणतात, "गप, हलू नको, ते बघ."

गोष्ट बाराशे शब्दांच्या आत ठेवा, युनिकोडमध्ये टाइप करा, आणि चित्रकारासाठी प्राण्याचं नेमकं नाव वर वेगळं लिहा. नाहीतर तुम्ही मेहनतीनं पिंगळा लिहाल आणि छापून येईल ते गव्हाणी घुबड.